फ्लॉरेन्सच्या आईनं काय केलं?

घरात एखादी मुलगी, सून किंवा भाची लिहिणारी निघाली की आपलं काय होतं, ते जरा आठवून पाहा. आधी कौतुक होतं. "आमची धाकटी नाटकं लिहिते हं!" असं भिशीत नाहीतर हळदीकुंकवात चार जणींना सांगून होतं. पुढे ती त्या लिहिण्यालाच जास्त वेळ देऊ लागली की सूर पालटतो. "लिही ना, कोण नको म्हणतंय? पण आधी पायावर उभी राहा." "हौस म्हणून ठीक आहे गं, पण पोटापाण्याचं काय?" असं बोलणारी बाई काही वाईट नसते. तिच्या मनात माया असते, काळजीही असते. पण अशा मायेपोटी दिलेल्या सल्ल्यानं किती वह्या माळ्यावर गेल्या, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आज मी तुम्हाला सांगणार आहे ती न्यूयॉर्कमधल्या एका नाट्यमहोत्सवाची हकिगत. कृष्णवर्णीय समाजातल्या नवख्या नाटककारांची दहा-दहा मिनिटांची नाटुकली हा महोत्सव रंगमंचावर आणतो. साता समुद्रापलीकडचा हा विषय आपल्या पानावर कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण जरा थांबा. त्या महोत्सवाला जाण्यापूर्वी आपल्याला पाऊण शतक मागे जायचं आहे, एका रेल्वे स्टेशनवर बसलेल्या आईला भेटायला. तिला भेटलात की विषय लांबचा वाटणार नाही.

मधला कठडा

ही आई खरी नव्हे, नाटकातली. नाटकाचं नाव 'फ्लॉरेन्स'. ॲलिस चिल्ड्रेस या कृष्णवर्णीय लेखिकेचं हे १९४९ सालचं नाटक. एकांकिकाच आहे, आणि ती तिनं एका रात्रीत लिहून काढली असं सांगतात. अमेरिकेच्या दक्षिण भागातलं एक लहानसं गाव, त्या गावातलं स्टेशन आणि तिथली प्रवाशांची बसायची खोली. त्या काळी तिकडे कायद्यानंच गोऱ्यांची बसायची जागा वेगळी आणि काळ्यांची वेगळी. म्हणून खोलीच्या मधोमध एक बुटका कठडा घातलेला आहे.

कठड्याच्या एका बाजूला आई गाडीची वाट पाहत बसली आहे. तिची मुलगी फ्लॉरेन्स नाटकात काम मिळवायला न्यूयॉर्कला गेली आहे. कामं मिळत नाहीत, पैशांची ओढाताण चालली आहे. घरी असलेली दुसरी मुलगी म्हणते, पुरे झालं हे वेड, तू जा आणि तिला घेऊन ये. आई त्यासाठीच निघाली आहे.

इतक्यात कठड्यापलीकडे एक गोरी बाई येऊन बसते. बोलकी, शिकलेली, आपण किती मोकळ्या मनाच्या आहोत हे पुनःपुन्हा सांगणारी. बोलता बोलता कळतं, की ती न्यूयॉर्कची आहे आणि नाटकाच्या क्षेत्रातली आहे. आईच्या मनाला पालवी फुटते. माझ्या मुलीसाठी कुठे शब्द टाकाल का, असं ती भीतभीत विचारते. बाई एका पायावर तयार! ओळखीच्या एका दिग्दर्शिकेला सांगते म्हणते. काम कसलं? तर त्या दिग्दर्शिकेच्या घरी मोलकरणीचं!

आपण काही वावगं बोललो, असं त्या बाईच्या मनातही येत नाही. तिच्या लेखी तो उपकारच असतो. आईला मात्र त्या एका वाक्यात सगळं कळून चुकतं. ती गाडीत बसतच नाही. प्रवासासाठी आणलेले पैसे ती पाकिटात घालते आणि मुलीला धाडून देते. सोबत एवढाच निरोप, की प्रयत्न सोडू नकोस.

मैत्रिणींनो, इथे फ्लॉरेन्सला तिघींनी तीन गोष्टी देऊ केल्या, हे लक्षात आलं का? बहिणीनं सल्ला दिला. गोऱ्या बाईनं उपकार देऊ केला. आईनं पाठबळ दिलं. तिन्ही गोष्टी लांबून सारख्याच दिसतात, पण फरक केवढा! सल्ला माणसाला घरी बोलावतो. उपकार माणसाला ठरलेल्या जागी बसवतो. पाठबळ मात्र माणूस जिथे जायला निघाला आहे, तिथेच त्याला उभं राहू देतं. आणि गंमत अशी, की तिघींपैकी पदरचे पैसे फक्त आईनंच मोजले.

शेवट बदला, मग दार उघडू

ही ॲलिस चिल्ड्रेस होती तरी कोण? तिचा जन्म १९१६ चा, दक्षिण कॅरोलायना राज्यातला. वाढली ती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, आजीजवळ. लिहिण्याची गोडी लावली तीही आजीनंच. शाळा अर्धवट सुटली. पोटासाठी जी कामं केली, त्यांत लोकांच्या घरची कामंही होती. पुढे एका वर्तमानपत्रात ती सदर लिहू लागली. त्यात मिल्ड्रेड नावाची मोलकरीण आपल्या मैत्रिणीशी गप्पा मारते आणि मालकिणींच्या तऱ्हा सांगते. त्या सदराचं १९५६ साली पुस्तक झालं. त्याच्या नावाचा अर्थ 'अगदी घरच्यासारखी' असा आहे. मोलकरणीला आपण "तू घरच्यासारखीच आहेस गं" म्हणतो, आणि कप मात्र वेगळा ठेवतो! त्या नावातली बोच तुम्हाला वेगळी सांगायला नकोच.

१९५५ मध्ये तिचं 'ट्रबल इन माइंड' हे नाटक न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात आलं आणि चाललं. त्यात विलेटा नावाची एक अनुभवी कृष्णवर्णीय नटी आहे. तालीम चालू आहे ती गोऱ्या लेखकानं काळ्या लोकांविषयी लिहिलेल्या नाटकाची. त्यातली आई आपल्या मुलाला मरणाच्या दारी पाठवते. विलेटाला ते पटत नाही. कोणतीही आई असं करणार नाही, असं ती स्पष्ट सांगते. बास, ठिणगी पडते. आपल्या आयुष्याबद्दल दुसऱ्यानं लिहायचं, आणि ते खोटं आहे हे दिसत असूनही आपण ते हसतमुखानं करून दाखवायचं, हा त्या नाटकातला प्रश्न.

नाटक ब्रॉडवेवर न्यायचं ठरलं. ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कमधली ती पाचशे किंवा त्याहून जास्त खुर्च्यांची मोठी नाट्यगृहं. तिथे नाव झालं की जगात नाव होतं. पण निर्मात्यांना शेवट बदलून हवा होता, प्रेक्षकांना बोचणार नाही असा. बदल मागत गेले, मागत गेले, आणि अखेर चिल्ड्रेसनं त्यांना पाहिजे तसा शेवट द्यायला नकार दिला. नाटक ब्रॉडवेवर गेलं नाही. गेलं असतं, तर ब्रॉडवेवर नाटक आणणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून तिची नोंद झाली असती.

तो मान मिळाला १९५९ साली लॉरेन हॅन्सबेरीला. तिचं 'अ रेझिन इन द सन' त्या वर्षी ११ मार्चला ब्रॉडवेवर आलं, तेव्हा ती अवघी २८ वर्षांची होती. शिकागोतलं एक कृष्णवर्णीय कुटुंब, वडिलांच्या विम्याचे आलेले पैसे आणि गोऱ्यांच्या वस्तीत घर घ्यायचं सासूबाईंचं स्वप्न, अशी ती घरगुती गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांनी वर्षातलं उत्तम अमेरिकन नाटक म्हणून तिचा गौरव केला. दुर्दैवानं ती फार जगली नाही. १९६५ मध्ये, ३४ व्या वर्षी, कर्करोगानं गेली.

आणि चिल्ड्रेसचं नाटक? ते ब्रॉडवेवर आलं २०२१ मध्ये. पहिल्या प्रयोगानंतर ६६ वर्षांनी. लेखिका १९९४ मध्येच गेलेली होती.

नव्यानं दार कुणी बांधलं?

आता या महोत्सवाकडे येऊ. त्याचं नाव 'द फायर धिस टाइम'. म्हणजे 'या खेपेची आग'. नाव ऐकताच तिकडच्या वाचकाला जेम्स बाल्डविन या थोर लेखकाचं १९६३ सालचं पुस्तक आठवतं, 'पुढच्या खेपेची आग' अशा अर्थाचं. केली निकोल जिरॉड या नाटककार स्त्रीनं २००९ साली त्याची स्थापना केली. आफ्रिकन किंवा आफ्रिकन-अमेरिकन वंशाच्या, कारकिर्दीच्या उंबरठ्यावर असलेल्या नाटककारांसाठी हा मंच आहे. हॅन्सबेरीचं नाटक गाजून तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. तरीही असा मंच उभा करावा लागला, यातच काय ते आलं.

महोत्सव भरतो भर हिवाळ्यात, जानेवारीच्या सुमारास. पहिली अनेक वर्षं तो मॅनहॅटनच्या पूर्व भागातल्या 'क्रेन थिएटर' या ९९ खुर्च्यांच्या नाट्यगृहात होत आला. आपल्याकडच्या शाळेच्या हॉलपेक्षाही लहान! एका तिकिटात, एका संध्याकाळी सहा-सात नाटुकली. प्रत्येकाला मिनिटं दहा. नेपथ्याचा बडेजाव नाही. चार खुर्च्या, एखादं टेबल, दिव्यांचा बदल. एक संपलं की काळोख, सामान सरकवलं की दुसरं सुरू.

दहा मिनिटांचं नाटक हा प्रकार तिकडे नवा नव्हता. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराच्या एका नाट्यसंस्थेनं १९७० आणि १९८० च्या दशकांत तो लोकप्रिय केला होता. जिरॉड यांनी ही चाल आपल्या कामासाठी नेमकी हेरली. पूर्ण लांबीच्या नाटकाला खर्च फार, म्हणून निर्माता नवख्यावर पैसे लावायला बिचकतो. मग काय करतो? नाटकाचं वाचन ठेवतो. चर्चा ठेवतो. सूचना देतो. पुन्हा लिहून आणा म्हणतो, पुन्हा वाचन ठेवतो. वर्षं जातात आणि नाटक कागदावरच म्हातारं होतं. दहा मिनिटांच्या नाटकाला मात्र खर्च बेताचा. सात जणींचा खर्च एका तिकिटात वाटला जातो, एखादीचं फसलं तरी संध्याकाळ फसत नाही. म्हणून तिथे नवखीला "अजून तयारी कर" असं सांगावं लागत नाही. तिचे शब्द नटांच्या तोंडून, दिव्यांच्या प्रकाशात, अनोळखी माणसांसमोर बोलले जातात. कुठे हशा पिकला, कुठे खोकल्याचे आवाज आले, कुठे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली, हे तिला स्वतःच्या कानांनी कळतं. हे शिक्षण कुठल्याही वर्गात मिळत नाही, बरं का.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'कृष्णवर्णीयांचं नाटक' म्हटलं की त्यात काय असायचं याची एक चौकट लोकांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. गुलामगिरी, अत्याचार, दारिद्र्य, रडणारी आई. या चौकटीपलीकडे जाऊन पाहणं, हाच महोत्सवाचा जाहीर हेतू आहे. दुःख लिहायचं असेल तर लिहा, पण फक्त तेवढंच लिहा अशी सक्ती नाही. हसवा, घाबरवा, भविष्यातली गोष्ट सांगा, नवराबायकोचं साधं भांडण रंगवा. आपल्या लेखिकांचंही तेच नाही का? बाईनं लिहिलं म्हणजे सासू-सून, बाळंतपण आणि अश्रू, अशी लोकांची समजूत असतेच की!

त्या ९९ खुर्च्यांतून

२०१५ मध्ये या महोत्सवाला 'ओबी' पुरस्कार मिळाला. ब्रॉडवेबाहेरच्या रंगभूमीवरचा हा अतिशय मानाचा पुरस्कार आहे. २०२२ मध्ये महोत्सवातल्या २५ नाटुकल्यांचं पुस्तकही निघालं. पण पुरस्कारापेक्षा तिथून पुढे गेलेल्यांची नावं पाहा.

केटोरी हॉल ही मेम्फिस शहराची लेखिका. तिच्या 'द माउंटनटॉप' नाटकात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आयुष्यातली शेवटची रात्र आहे. एका मोटेलच्या खोलीत ते आणि तिथे काम करणारी एक बाई, एवढी दोनच पात्रं. हे नाटक पहिल्यांदा झालं तेही २००९ मध्ये लंडनमधल्या एका दारूगुत्त्याच्या माडीवरच्या चिमुकल्या नाट्यगृहात. दोन वर्षांत ते ब्रॉडवेवर पोचलं. २०२१ मध्ये तिला 'द हॉट विंग किंग' या नाटकासाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यात काय आहे ठाऊक आहे? स्वयंपाकघर! कोंबडीचे तिखटजाळ पंख करण्याच्या स्पर्धेसाठी मसाले कुटत, मांस मुरवत बसलेले पुरुष, आणि त्या खटाटोपातून उलगडत जाणारी त्यांची नाती.

डॉमिनिक मॉरिसो ही मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइटची. बंद पडायला आलेल्या कारखान्यातल्या कामगारांवरचं तिचं 'स्केलेटन क्रू' २०२२ मध्ये ब्रॉडवेवर आलं. अँट्वानेट न्वांडू हिचं 'पास ओव्हर' हे नाटक तर, कोरोनाच्या साथीत दीड वर्ष बंद असलेला ब्रॉडवे २०२१ मध्ये उघडला, तेव्हा तिथे आलेलं पहिलं नाटक.

मला सर्वांत जवळची वाटली ती जॉसलिन बीओ. तिचे आईवडील घाना देशातून अमेरिकेत आलेले. २०२३ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं तिचं नाटक घडतं हार्लेममधल्या वेण्या घालायच्या दुकानात. आफ्रिकेतून आलेल्या बायका दिवसभर उभ्या राहून गिऱ्हाइकांच्या डोक्यावर शेकडो बारीक वेण्या घालतात. कडक उन्हाळ्याचा एक दिवस, बोटं दुखताहेत, टीव्ही चालू आहे, एकमेकींची थट्टा, गिऱ्हाइकावरून भांडण, आणि या सगळ्यामागे परक्या देशात राहण्याच्या कागदपत्रांची टांगती तलवार. त्या नाटकातल्या वेण्या आणि केसांचे टोप करणाऱ्या निकिया मॅथिस यांना २०२४ मध्ये खास टोनी पुरस्कार देण्यात आला. वेणी घालण्याच्या कलेला रंगभूमीनं असं कुर्निसात करावं, हे वाचून बरं वाटतं.

पण सगळं गोडच आहे असं समजू नका. २०२१ च्या हंगामात कृष्णवर्णीय लेखकांची सात नाटकं एकदम ब्रॉडवेवर आली, तेव्हा दार आता सताड उघडलं असं अनेकांना वाटलं. पुढच्याच वर्षी जॉर्डन कूपर या तरुण लेखकाचं 'एन्ट नो मो' १ डिसेंबरला सुरू झालं आणि २३ डिसेंबरला उतरवावं लागलं. तिकीटविक्री पुरेशी होईना. नंतर त्याच नाटकाला टोनी पुरस्काराची सहा नामांकनं मिळाली! म्हणजे मोठं दार उघडलं तरी ते किती वेळ उघडं राहील, याची खात्री नाही. म्हणून तर आपलं स्वतःचं छोटं दार असावं लागतं. ते दुसऱ्याच्या मर्जीनं मिटत नाही.

कुणी म्हणेल, पण असा वेगळा महोत्सव हवाच कशाला? लेखन चांगलं असेल तर आपोआप वर येईल. मैत्रिणींनो, 'आपोआप' हा शब्द फार फसवा आहे. चिल्ड्रेसचं लेखन चांगलं नव्हतं का? त्याला आपोआप वर यायला ६६ वर्षं लागली. आणि हाच प्रश्न बायकांच्या साप्ताहिकाबद्दलही विचारता येईल. जगात एवढी वर्तमानपत्रं असताना बायकांसाठी वेगळी पानं कशाला? ती का हवीत, हे तुम्ही-आम्ही पुरतं जाणतो.

आपलं आणि त्यांचं जुनं नातं

अमेरिकेतल्या या झगड्याशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सज्जन लोकांना. पुढे १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली, तीही तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरून नाव घेऊन.

याच जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं होतं. एक कुणबी नवराबायको, त्यातली बाई गरोदर. ग्रहांची भीती घालून त्यांना नाडणारा जोशी, आणि मधूनमधून खऱ्याखोट्याचा निवाडा करणारा विदूषक. शिक्षण हाच माणसाचा तिसरा डोळा, हे त्याचं सार. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं ते स्वीकारलं नाही. छापून लोकांसमोर यायला त्याला १९७९ साल उजाडलं. १२४ वर्षं! तिकडचं कमिट्यांचं दार आणि इकडचं, बिजागऱ्या सारख्याच.

तुमच्या मंडळात दहा मिनिटं

आता थोडं कामाचं बोलू. महिला मंडळाच्या वर्धापनदिनी, कोजागिरीला, गणपतीत आपण कार्यक्रम बसवतोच. दरवर्षी तेच प्रहसन शोधण्यापेक्षा या वर्षी दहा मिनिटांची तीन नाटुकली ठेवून पाहा. लिहिणारी मात्र अशी निवडा, जिचं आजवर काहीच रंगमंचावर आलेलं नाही. सभागृहाच्या मागच्या रांगेत बसणारी, किंवा जिला मंडळात अजून कुणी बोलावलेलंच नाही अशी.

लिहिणारीसाठी साधा हिशेब असा. एका पानाला सुमारे एक मिनिट, म्हणजे दहा पानांवर जायचं नाही. जागा एकच. पात्रं दोन, फार तर तीन. एकीला काहीतरी हवं आहे आणि दुसरी ते देत नाही, इथूनच सुरुवात करा. मागची हकिगत सांगत बसू नका, ती बोलण्यातून कळते. 'फ्लॉरेन्स'मध्ये पाहा ना: आईला मुलीसाठी एक शब्द हवा आहे, तो मिळतो, आणि मिळतो तो नको असलेला. तिथेच नाटक वळतं. वळण एकच ठेवा, पण ते नीट दिसू द्या.

बसवणाऱ्यांसाठीही चार गोष्टी आहेत. पहिली, कागद हातात धरून वाचन नको. पाठांतर करून, निदान आठ-दहा तालमी घेऊन करा. नवखीचं आहे म्हणून कसंतरी उरकणं हा तिचा अपमान आहे. दुसरी, शेवट बदलायला लावू नका. अडलं तर विचारा, "तुला इथे काय म्हणायचं आहे?" असं. "इथे असं कर" असं सांगू नका. तिसरी, लेखिकेला पाकीट द्या. त्यात एकावन्न रुपये असोत की पाचशे एक, पण द्या. फुलाच्या गुच्छानं शब्दाची किंमत होते, मोल होत नाही. आणि चौथी, पुढच्या वर्षी पुन्हा करा. एका वर्षाच्या कौतुकाचा फारसा उपयोग नसतो. दर हिवाळ्यात दार उघडतं हे ठाऊक असलं, की शेजारच्या गल्लीतली दुसरी एखादी वही उघडून बसते.

मंडळ जमणार नसेल तर घर आहेच. लिहिणारीला आठवड्यातले दोन तास असे द्या, की त्या वेळात तिला कुणी "जरा कुकर बघ गं" म्हणणार नाही. प्रवेशफीचे पैसे तुमच्या मसाल्याच्या डब्यातले द्या. प्रयोग असेल तेव्हा पहिल्या रांगेत जाऊन बसा, आणि घरी आल्यावर लगेच चुका काढू नका, त्या तिला सभागृहातच कळलेल्या असतात. तिला "परत ये" म्हणावंसं वाटलं, तर गाडीत बसण्याआधी एकदा पर्समधले पैसे मोजून पाहा. ते तिकिटाला लावायचे की पाकिटात घालायचे, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

माळ्यावरची वही मात्र या आठवड्यात खाली काढा. तुमच्या मुलीची असेल. कदाचित तुमचीच असेल.